कंपनीने गावासाठी काही करायचं असेल तर आधी मे महिना डोळ्यासमोर आणा

आपल्या मराठवाड्यात कंपन्या गावासाठी काहीच करत नाहीत असं नाही, करतात, पण बहुतेक जूनमधे करतात. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, बॅनर, खड्डे, फोटो, पोहे-चहा, आणि पुढच्या मेमधे जाऊन बघावं तर ट्री गार्ड ताठ उभं अन् आत नुसती काडी. म्हणून वाळूज असो, शेंद्रा असो नाहीतर जालन्याची स्टील लाइन, छोट्या-मध्यम कंपनीत एचआर, ॲडमिन, मेंटेनन्स बघणाऱ्यांसाठी हे लिहायलोय, बजेट फार नसलं तरी जमण्यासारखं आहे.

कायद्याचं आधी उरकतो. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजासाठीच्या कामांवर, खर्च करावे लागतात. त्यात आपला ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) चालवण्याचा खर्च धरता येत नाही बरं का, फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेलं पण नाही. आणि तुम्ही या आकड्यात बसत नसाल तर काही करू नका असं कुठं लिहिलेलं नाही.

सुरुवात गेटच्या आतून करा. गावात जलसंधारणाचा बोर्ड लावायचा आणि आपल्याच कॅन्टीनमागं नळ चोवीस तास गळतोय हे गावाला दिसतं, कारण गावातलीच पोरं आत कामाला असतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो आपलाच मुलूख. तर कॅन्टीन, टॉयलेट, कूलिंग टॉवर, बगीचा सगळ्याला वेगवेगळे मीटर बसवा, महिनाभरात कळतं पाणी कुठं जातंय. मग छतावरचं पावसाचं पाणी, ते साठवा नाहीतर जमिनीत मुरवा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, सरळ हिशोब. १००० चौरस मीटरचं शेड आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, वीसेक टक्के वाया गेलं म्हटलं तरी पावणेपाच लाख लिटरच्या वर हाती लागतं, म्हणजे १०,००० लिटरचे ४८ टँकर! फक्त एक सांभाळा, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि यार्डातलं ऑइलचं पाणी चुकूनही बोअरमधे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याची विहीर नासली म्हणून समजा. रिचार्जचा, म्हणजे पाणी मुरवायचा, खड्डा कुठं घ्यायचा ते जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारून घ्या, आपल्याकडं खाली काळा पाषाण, दिसेल तिथं पाणी मुरत नसतं.

विजेचं म्हणाल तर सोलरचं सगळ्यांना माहितीये (पॅनल धुवायला टँकर मागवू नका एवढंच, मऊ कोरडा ब्रश फिरवा). त्याच्याआधी फुकटातलं काम करा. साप्ताहिक सुट्टीला, लाइन बंद असताना कंप्रेसर चालू करून शेजारी उभं राहा. कोणीच हवा वापरत नाही तरी तो परत परत लोड घेतोय म्हणजे हवा गळतेय. साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉइंट बघत जा, फेस आला की तिथं चॉकने खूण करा आणि गळती बंद करून घ्या.

आता गाव. सरपंचाला केबिनमधे बोलावून चहा पाजणं म्हणजे गावाला विचारणं नव्हे, ग्रामसभेत जा आणि बायकांना बोलू द्या, हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडं पैशाला सगळ्यात जास्त वसूल काम म्हणजे तलावातला गाळ काढणं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना आहेच, तिच्यातून परवानगीने करा. १ घनमीटर गाळ निघाला की १००० लिटर पाण्याला जागा झाली. पोकलेन अन् डिझेल कंपनीने द्यायचं, गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने न्यायचा, कोणाचा नंबर कधी ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचं म्हणजे भांडणं होत नाहीत. मुरूम लागला की मशीन थांबवायची, त्याच्याखाली खोदलं तर तळ फुटून पाणी टिकत नाही. वाळू उचलायला कोणी आलं तर तिथंच काम बंद. आणि गाळ माळरानाच्या हलक्या जमिनीला द्या, आधीच भारी काळी असलेल्या रानात टाकला तर पावसाळ्यात पाणी साचून पीक पिवळं पडतं. हे सगळं मार्चला सुरू झालं पाहिजे, फाइल मेमधे हलली तर पाऊस येऊन मशीन तलावातच रुतती.

झाडं लावायचीच असतील तर थोडी लावा. कडुलिंब, करंज, चिंच, बोर, वड. दोन-तीन उन्हाळे पाणी घालायला गावातल्याच एका माणसाला पगार द्या आणि पैसे जगलेल्या झाडांवर ठरवा, मोजणी मेमधे.

पण खरं सांगू का, लोकल कम्युनिटीला सगळ्यात मोठा सपोर्ट अकाउंट्स डिपार्टमेंट करू शकतं. शेजारच्या गावातला फॅब्रिकेशनवाला, पॅकिंगवाला यांची बिलं वेळेत द्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असा कायदाच आहे, तरी किती जण चार-चार महिने फिरवायलेत. दिवाळीला ड्रायफ्रूटचे डबे मुंबईहून मागवण्यापेक्षा बचत गटाला फराळाची ऑर्डर द्या, पण दसऱ्याच्या आत आणि ॲडव्हान्ससकट, तेल-डाळ त्यांना रोख घ्यावी लागते. आणि ३० किंवा जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, ते जवळच्या आयटीआयमधून घ्या आणि त्यांना खरंच मशीनवर उभं करा, झेरॉक्स काढायला ठेवू नका.

बीड, धाराशिवकडं असाल तर दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालतं का ते बघा, तिथं ब्लँकेट वाटण्याआधी स्वयंपाकाला माणूस आणि मुलींना बंद दाराचं न्हाणीघर लागतं.

शेवटचं, आरओ प्लांट. कंपन्यांचं फार आवडतं काम, रिबिन कापायला बरं असतं, आणि गावोगावी बंद पडलेले दिसतात. देणार असाल तर फिल्टर कोण बदलणार, वीजबिल कोण भरणार, आणि बाहेर पडणारं खारं पाणी कुठं सोडणार हे ग्रामपंचायतीशी लेखी ठरवा. त्यावर सह्या होत नाहीत तोवर मशीनची ऑर्डर देऊ नका.