बेळगाव, बेळगावी आणि हॅश डिफाइन

टिळकवाडीत मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. खानापूर-निपाणीची पोरं बसने येतात आणि आल्या आल्या विचारतात, "प्रीप्रोसेसर म्हणजे काय वो सर?" मी फळ्यावर एवढंच लिहितो:

#डिफाइन बेळगाव बेळगावी

म्हणजे 'बेळगाव' दिसेल तिथं 'बेळगावी' ठेवायचं; ही अदलाबदल करतो तो प्रीप्रोसेसर. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं हेच केलं. फरक असा की सरकारनं पाट्या बदलल्या, आणि प्रीप्रोसेसर नेमका पाटीलाच हात लावत नाही. प्रिंटएफ या छापायच्या आज्ञेत, अवतरणचिन्हांच्या आत 'बेळगाव' असेल तर बेळगावच छापून येतं. 'बेळगावकर' हा त्याच्या लेखी निराळा शब्द, तोही शाबूत. सुटा, अख्खा शब्द दिसला तरच बदल, आणि तोही कंपायलरकडे, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणाऱ्याकडे, फाइल जायच्या आधी.

आता खरी मेख. समजा लिहिलंत:

#डिफाइन वर्ग(क्ष) क्ष*क्ष

आणि वर्ग(४+१) मागितला. २५ यायला हवेत, येतात ९. "कॉम्प्युटर चुकालाय की वो!" नाही बाबा. त्यानं बेरीज केलीच नाही, मजकूर जसाच्या तसा उचलून ठेवला: ४+१*४+१. गुणाकार आधी झाला. म्हणून प्रत्येक क्षला कंस आणि सगळ्याला बाहेरून आणखी एक: ((क्ष)*(क्ष)). तरीही आत क्ष++ देऊ नका, ते दोनदा लिहिलं जातं आणि मग उत्तराची हमी कुणीच देत नाही.

विश्वास नसेल तर डोळ्यांनी बघा. जीसीसी या कंपायलरला मायनस कॅपिटल ई लावून फाइल द्या, म्हणजे प्रीप्रोसेसरनं काय केलं तेवढंच दिसेल. पाच ओळींच्या प्रोग्रामचे शेकडो ओळींचे भेंडोळे पडेल, कारण हॅश इन्क्लूडनं अख्खी हेडर फाइल (प्रिंटएफसारख्या तयार आज्ञांची ओळख देणारी) तिथं ओतली. घाबरू नका, तुमच्या ओळी तळाशी आहेत. डिफाइनच्या शेवटी चुकून टाकलेला सेमीकोलनही इथंच सापडतो.

हॅश इफडेफनं, म्हणजे एखादं नाव डिफाइन असेल तरच पुढच्या ओळी ठेवणाऱ्या सूचनेनं, मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो. एका दुकानदाराला बिल कन्नड आणि मराठी दोन्हींत हवं होतं. मी इफडेफ घातलं, कंपाइल करताना मायनस कॅपिटल डीनं भाषा दिली, खूश झालो. तो म्हणाला, "गिऱ्हाईक बघून बदलायचं कसं?" बदलणार कुठून? मराठी निवडली तेव्हाच कन्नडच्या ओळी गळून गेल्या, कंपायलरनं त्या पाहिल्याही नाहीत. रात्री बसून सगळीकडे साधा इफ घातला, जो प्रोग्राम चालताना ठरतो.