रब्बीचं पाटपाणी: अर्ज, शेजपाळी आणि तासांचा हिशेब

15 ऑक्टोबरला धरणात उपयुक्त साठा किती आहे, यावर पुढच्या 30 जूनपर्यंतचं पाटपाणी ठरतं. पाटबंधाऱ्याच्या कागदावर वर्षाचे तीन हंगाम असतात: खरीप 1 जुलै ते 14 ऑक्टोबर, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. साठ्यातून पिण्याचं पाणी, उद्योगांचं पाणी आणि बाष्पीभवन वजा जाऊन उरेल ते शेतीला. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत त्यातून रब्बीला किती आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या फेऱ्या, आणि उन्हाळ्याला किती, हे ठरतं. बातमीत आकडा टीएमसीत (अब्ज घनफूट) येतो आणि कार्यालयाच्या कागदावर दलघमीत (दशलक्ष घनमीटर), म्हणून 1 टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी हे ध्यानात असू द्या.

"रब्बीला दोन आवर्तनं" एवढ्या बातमीवर पेरणीचा बेत करू नका. शाखा कार्यालयात जाऊन पहिलं आवर्तन कधी सुटणार, ते किती दिवस चालणार आणि दोन आवर्तनांत अंतर किती, हे विचारा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या चारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या कालव्याच्या फाट्यावर, पाणी कितव्या दिवशी येतं, हे विचारा. लांब कालव्यावर पाणी सुटल्याची तारीख आणि शेपटाच्या, म्हणजे शेवटच्या, चारीवर ते पोचल्याची तारीख यांत बरेच दिवस जातात. पिकाच्या दृष्टीनं दुसरी तारीखच खरी.

पाळीवरून पेरणी ठरवा

बहुतेकांचं नुकसान इथंच होतं. आधी पेरतात आणि मग पाण्याची वाट बघतात. खरं तर चारीवर पाणी येण्याच्या तारखेपासून उलटं मोजत पेरणीपर्यंत यायला हवं.

समजा, पाणी चारीवर 15 डिसेंबरला येणार आणि दुसरी पाळी महिन्यानं, 14 जानेवारीला. हरभऱ्याला दोनच पाणी द्यायची असतील तर ती 30 ते 35 आणि 60 ते 65 दिवसांनी द्यायची असतात. 10 नोव्हेंबरला पेरलेला हरभरा 15 डिसेंबरला 35 दिवसांचा होतो आणि 14 जानेवारीला 65 दिवसांचा. दोन्ही पाळ्या नेमक्या बसतात.

गव्हाचं तसं नाही. त्याला पाणी लागतं ते मुकुटमुळं फुटताना 18 ते 21 दिवसांनी, फुटवे येताना 40 ते 45 आणि कांडी धरताना 60 ते 65 दिवसांनी. पुढं फुलोरा आणि दाणे भरणं आहेच. म्हणजे पाळी साधारण 21 दिवसांनी यायला हवी. महिन्याच्या अंतरानं दोनच आवर्तनं असतील आणि विहिरीचा आधार नसेल, तर आम्ही गहू सुचवणार नाही. विहिरीवर उगवणीचं आणि मधलं एखादं पाणी निघत असेल तर पेरा. अगदी दोनच पाणी शक्य असतील तर ती 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी द्या. एकच असेल तर 40 ते 42 दिवसांनी.

रब्बी ज्वारीला एकच संरक्षित पाणी देता येत असेल तर ते पोटरीत येताना, 50 ते 55 दिवसांनी द्यावं.

नमुना नंबर 7

आवर्तनाआधी जाहीर प्रकटन निघतं आणि त्यात पाणी मागणी अर्जाची शेवटची तारीख असते. अर्ज नमुना नंबर 7 वर शाखा कार्यालयात द्यायचा. सातबारा सोबत ठेवा, गट नंबर आणि पीक त्याच्याशी जुळतील असं लिहा. मागणीचं क्षेत्र बहुधा 20 आरच्या पटीत मागतात, म्हणजे अर्ध्या एकराच्या पटीत. मागची पाणीपट्टी थकलेली असेल तर अर्ज अडकतो, म्हणून आधी ती भरून पावती जोडा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका, आणि मंजुरीचा पास हातात आल्यावर त्यावरचं क्षेत्र वाचून बघा. 40 आर मागून 20 आर मंजूर झालं असेल तर ते पाळीच्या दिवशी बांधावर कळून उपयोग नाही.

पाटमोट संबंधाचीही काळजी घ्या. विहिरीचं आणि कालव्याचं पाणी एकाच सारणीतून, म्हणजे शेतातल्या पाटातून, फिरवलं की विहिरीवरचं पीकही पाटपाण्याचं धरून आकारणी होऊ शकते. दोन्हींच्या सारण्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवा.

अर्ज न करता पाणी घेतलं तर पंचनामा होऊन जादा दरानं आकारणी होते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे कार्यालयाकडं मागणी कमी दिसते आणि पुढच्या हंगामात तुमच्या चारीसाठी बोलायला कागदच उरत नाही.

चारीतलं पाणी मोजा

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.32 लिटर, तासाला सुमारे 102 घनमीटर. हे पाणी एका एकरावर पसरलं तर अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंच भरतं. एक क्युसेक, एक तास, एक एकर, एक इंच: पुढचा सगळा हिशेब यावर चालतो. भारी जमिनीत एका पाळीला साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच धरले तर एकराला तीन तास लागतात. मातीच्या चारीत पाव हिस्सा मुरत असेल तर चार तास धरा.

चारीत खरंच एक क्युसेक आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. चारीचा सरळ आणि सारख्या रुंदीचा 10 मीटरचा तुकडा निवडा. एका टोकाला लाकडाचा तुकडा सोडा आणि दुसऱ्या टोकाला पोचायला किती सेकंद लागले ते बघा. तीनदा करून सरासरी घ्या. समजा 40 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 0.25 मीटर. वरचं पाणी तळापेक्षा वेगानं पळतं, म्हणून 0.85 नं गुणा: 0.21. पाण्याची रुंदी 60 सेंमी आणि खोली 25 सेंमी असेल तर छेद 0.15 चौरस मीटर. 0.21 गुणिले 0.15 म्हणजे सेकंदाला सुमारे 32 लिटर, एक क्युसेकहून थोडं जास्त. चारीच्या तोंडाशी आणि शेपटाला असं दोनदा मोजलं की वाटेत किती पाणी जातं ते आकड्यात कळतं. पाटकऱ्याशी, म्हणजे चारीवर पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी, बोलताना "पाणी कमी आहे" यापेक्षा "तोंडाशी 32, शेपटाला 19" हे जास्त उपयोगी पडतं.

शेजपाळी

शेजपाळी म्हणजे शेजाऱ्यामागून शेजाऱ्यानं ठरल्या वेळी पाणी घेणं. ही पाळी शेपटाकडून तोंडाकडं यायला हवी. उलट केलं की वरचे भिजवत राहतात आणि खालच्यांची वेळ येईपर्यंत आवर्तन बंद होतं.

तास असे काढा. चारी 7 दिवस चालणार, म्हणजे 168 तास. चारी भरायला 6 तास वजा केले की 162 उरतात. मंजूर क्षेत्र 24 हेक्टर असेल तर हेक्टरी पावणेसात तास, एकराला सुमारे 2 तास 42 मिनिटं आणि 20 आरला साधारण 1 तास 20 मिनिटं. भरण्याचे तास पहिल्या शेतकऱ्याच्या खात्यातून कापू नका. तो खर्च सगळ्या चारीचा आहे. तो एकट्यावर टाकला की शेपटाचा माणूस दर पाळीला लुटला जातो आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

रात्रीची पाळी दर वेळी त्याच माणसाच्या वाट्याला येऊ नये. पुढच्या आवर्तनात यादीची सुरुवात 12 तासांनी सरकवा. यादी नाव, गट नंबर, सुरू आणि बंद होण्याची वेळ अशी लिहून आवर्तनाच्या दोन दिवस आधी चावडीवर लावा आणि चारीच्या ग्रुपवरही टाका.

आवर्तनाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून चारीतलं गवत आणि गाळ काढा, उंदरांची बिळं चोपून बंद करा, मोग्यापुढचा, म्हणजे चारीतून शेताकडं पाणी सोडणाऱ्या तोंडापुढचा, गाळ उपसा. मोगा फोडून मोठा केला की वरच्याला पाणी मिळतं, पण खालची पातळी पडते आणि पुढच्या सगळ्या मोग्यांतून पाणी निघेनासं होतं.

शेतात सारे, म्हणजे पाणी देण्यासाठी बांधलेले लांब पट्टे, आधीच पाडलेले हवेत. पाणी साऱ्याच्या पाऊण लांबीपर्यंत पोचलं की दारं मोडा, उरलेला भाग वाहत्या पाण्यावर भिजतो. भारी जमिनीतल्या हरभऱ्यात पाणी साचलं तर पीक उभळतं, तिथं हात आखडताच ठेवा.

संस्था असेल तर

सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं देणाऱ्या महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याखाली चारीचं क्षेत्र पाणी वापर संस्थेकडं असेल तर मागणी संस्थेकडं करायची, आणि संस्थेला पाणी मोजून, घनमीटरवर मिळतं. 300 हेक्टरला 6 लाख घनमीटर कोटा असेल तर हेक्टरी 2000, आणि तीन पाळ्यांत वाटला तर दर पाळीला सुमारे 667 घनमीटर, म्हणजे जेमतेम पावणेसात सेंटिमीटर. हे गणित सभासदांसमोर हंगामाच्या आधी मांडा.

नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं संस्था उभ्या केल्या. त्यांनी कालव्याचं पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांतही साठवलं आणि विहिरींना पाझर वाढवला. आवर्तनांमधलं अंतर ज्या गव्हाला सोसत नाही, त्याला अशाच विहिरीचं मधलं पाणी तारतं.

संस्थेच्या मापन जागेवर पाण्याची पातळी दिवसातून किमान दोनदा, शाखेच्या माणसासोबत वाचून दोघांच्या सह्यांनिशी वहीत लिहा. हंगामाअखेर बिलावरचा आकडा या वहीशी ताडून मगच पैसे भरा.