पोर्तुगीज अमलाबद्दल लिहिताय? या चुका टाळा

गावच्या स्मरणिका, शतकमहोत्सवी अंक, अधूनमधून एखादा दिवाळी अंक, असे लेख तपासायला माझ्याकडे येत असतात. कोकण किनाऱ्यावरचा लेख असला की पोर्तुगीज आलेच. आणि पोर्तुगीज आले की त्याच त्या चुकाही येतात. पहिले वाक्य तर मला न वाचताच सांगता येते: ‘पोर्तुगिजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले.’

हिशेब चूक नाही. आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला १५१० साली. तोही दोनदा घ्यावा लागला: आधी घेतला, मे महिन्यात सोडून पळावे लागले, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकला. तिथून १९६१पर्यंत ४५१ वर्षे भरतात. पण त्यांनी जिंकला तो गोवा म्हणजे तिसवाडी, आजच्या पणजीभोवतालचा भाग. बार्देश आणि सासष्टी १५४३मध्ये आले. या झाल्या ‘जुन्या काबिजादी’, म्हणजे आधी काबीज केलेले मुलूख. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे या ‘नव्या काबिजादी’ १७६३ ते १७९१ या काळात टप्प्याटप्प्याने मिळाल्या, काही सोंद्याच्या राजांकडून, काही सावंतवाडीकरांकडून. म्हणजे पेडण्याचा माणूस ‘साडेचारशे वर्षांची गुलामी’ म्हणतो तेव्हा तो शेजाऱ्याची वर्षेही आपल्या खात्यात धरतो. त्याच्या वाट्याला पावणेदोनशेच्या आसपास आली.

हा नुसता आकड्यांचा कीस नाही. मंगेशी, मार्दोळ, कवळे ही सगळी मोठी देवस्थाने फोंडा तालुक्यातच का दाटली आहेत, याचे उत्तर या फरकात आहे. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. तिन्ही गावे जुन्या काबिजादीतली. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून पलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, नेले. तिथे पोर्तुगीज हुकूम चालत नव्हता. सरहद्द म्हणजे एक नदी होती. ‘संपूर्ण गोव्यावर’ असे लिहिले की ही नदीच पुसली जाते, आणि देव गेले तरी कुठे हे वाचकाला कळेनासे होते.

दोन साष्ट्या

गावांची नावे जुळत नसतील तर आधी हे तपासा. मुंबईलगत ठाण्याचे साष्टी बेट आणि दक्षिण गोव्यातला सासष्टी तालुका, दोन्ही पोर्तुगिजांकडे होते. दोन्ही नावांची व्युत्पत्तीही एकच सांगतात, सहासष्ट गावे. पोर्तुगीज कागदात दोन्ही जवळपास सारखीच लिहिलेली सापडतात. माझ्याकडे आलेल्या एका लेखात कुंकळ्ळीचा १५८३चा उठाव चक्क ठाण्याच्या खाडीकाठी घडला होता! पाच जेझुइट मिशनरी मारले गेले तो हा उठाव. त्यातला रुदोल्फ आक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता.

ओळखायची खूण सोपी आहे. आजूबाजूला मडगाव, राशोल, कुंकळ्ळी, बार्देश दिसले तर गोवा. वांद्रे, ठाणे, घोडबंदर, वसई दिसले तर उत्तरेकडचे. आणखी एक म्हणजे वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३७ साली घेतले ते ठाण्याचे साष्टी. गोव्याच्या सासष्टीत मराठे १७३९मध्ये शिरले खरे, पण ती पोर्तुगिजांकडेच राहिली.

तारीख दहा दिवसांनी चुकते?

चुकत नाही, पंचांग वेगळे आहे. पोर्तुगालने ग्रेगोरियन पंचांग १५८२मध्येच घेतले, गोव्यात ते पुढच्या वर्षी आले. इंग्रजांनी मात्र १७५२पर्यंत जुने ज्युलियन सोडले नाही. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीच्या पत्रात दिसते त्याहून गोव्याच्या कागदात दहा दिवस पुढच्या तारखेला दिसते. १७००नंतर हा फरक अकरा दिवसांचा होतो. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. त्याच आठवड्यातल्या पोर्तुगीज पत्राशी ती ताडायची तर १६ जून धरावी लागते.

त्यात आणखी एक मेख आहे. इंग्रजांचे नवे साल २५ मार्चला सुरू व्हायचे. मुंबईचा ताबा इंग्रजांना मिळाला फेब्रुवारी १६६५मध्ये, पण इंग्रजी कागदात तेच साल १६६४ दिसू शकते. दोन लेखक एकमेकांना खोटे ठरवत बसतात आणि दोघांचेही बरोबर असते.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर ‘आंदणाची’ गोष्टही उरकू: पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली ती. करार १६६१चा, ताबा १६६५चा. मधली चार वर्षे इथले पोर्तुगीज अधिकारी बेट सोडायला तयारच नव्हते, आणि नेमके काय द्यायचे यावर, विशेषतः माहीमवरून, वाद चालू होता. वांद्रे, ठाणे, वसई आंदणात गेले नाहीत, ते पोर्तुगीजच राहिले. इंग्लंडच्या राजाला हे आंदण परवडेना म्हणून १६६८मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. आणि हो, ‘पोर्तुगीज कंपनी’ असे कृपया लिहू नका. इंग्रज आणि डच कंपन्या करून आले होते, गोव्याचा कारभार थेट लिस्बनच्या राजाचा होता.

इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या धर्मन्यायासनाबद्दल, एवढेच: ते फ्रान्सिस झेवियरने स्थापन केले नाही. १५४६मध्ये त्याने राजाकडे तशी मागणी केली होती हे खरे, पण तो वारला १५५२ला आणि न्यायासन आले १५६०ला. १७७४मध्ये ते बंद झाले, चार वर्षांनी पुन्हा उघडले आणि १८१२मध्ये कायमचे मिटले. ते ४५१ वर्षे चालले नव्हते.

ऱ्हास १९६१पासून मोजू नका

उतरण फार आधी लागली होती. १६२२ला होर्मुझ गेले, १६४१ला मलाक्का, १६५० ला मस्कत, १६५६ला कोलंबो, १६६३ला कोची. बहुतेक ठिकाणी डच आले. मस्कत ओमानी अरबांनी घेतले, आणि होर्मुझला इराणच्या शहाला इंग्रजांची साथ होती. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती अशा आधीच पोखरलेल्या सत्तेकडून. पराक्रम त्याने कमी होत नाही, पण ‘जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याला’ हे विशेषण तेवढे काढा. उलट टोकही आहेच: १९६१नंतरही पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले नव्हते. ते १९७४च्या अखेरीस झाले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर.

‘दिले’ म्हणजे काय दिले?

सगळ्यात महागात पडणारी चूक भाषांतराची. ‘पेशव्यांनी नगरहवेली पोर्तुगिजांना दिली’ हे वाक्य मी किती वेळा खोडले असेल, गणती नाही. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे ‘सांताना’ हे जहाज पकडले होते. ती भरपाई आणि इतर कलमे मिटवताना १७७९चा तह झाला. त्यात दमणजवळ वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावे तोडून द्यायचे ठरले. पुढे १७८३ आणि १७८५मध्ये सनदा निघाल्या. सनदांत शब्द काय? जहागीर, सरंजाम. ज्याला पुणे दरबाराचे कागद चाळायची सवय आहे त्याला सांगायला नको, सरंजाम म्हणजे वसूल खाण्याचा हक्क. मुलूख धन्याचाच राहतो.

पोर्तुगिजांनी मात्र पुढे तो आपला मुलूखच मानला आणि इंग्रजांनी हरकत घेतली नाही. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगरहवेली मुक्त केली (आपले सुधीर फडकेही त्यांत होते) तेव्हा भारताने पोर्तुगिजांच्या फौजेला दमणहून तिकडे जायला वाट दिली नाही. पोर्तुगाल १९५५च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. तिथे भारताच्या वकिलांनी हाच मुद्दा मांडला: सनदेने महसूल दिला, राज्य नाही.

१२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांच्या देण्यापुरते ते मान्य केले. तहाच्या वेगवेगळ्या प्रती पाहूनही सार्वभौमत्व द्यायचा हेतू दिसत नाही, आणि सनदा वसुलापुरत्याच आहेत, असे म्हटले. मात्र इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती म्हणून नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, असेही ठरले. फौज, पोलीस आणि हत्यारांना तो नव्हता. शेवटी भारताने कर्तव्याचा भंग केलेला नाही असा निर्णय झाला. पुढच्या वर्षी, ११ ऑगस्टला, दादरा-नगरहवेली भारतात सामील झाली, आणि डिसेंबरात गोवा.

तेव्हा तुमच्या लेखात ‘दिली’ असेल तिथे ‘सरंजाम म्हणून लावून दिली’ करा. तीन शब्द वाढतील, अंकाच्या संपादकाला मी सांगेन.