५९०००१ चे मूळ अवयव कसे काढावेत

मोठ्या संख्येचे गुणधर्म शिकवताना मी खानापुरातल्या माझ्या शिकवणीत नेहमी बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड, म्हणजे ५९०००१, फळ्यावर लिहिते.

शेवटचा अंक १ असल्यामुळे २ आणि ५ बाद होतात. अंकांची बेरीज १५ येते, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. भागाकार येतो १९६६६७. याचे तीन-तीन अंकांचे दोन गट करून वजाबाकी करावी: ६६७ − १९६ = ४७१. ७ × ११ × १३ = १००१ असल्याने या तिन्हींची कसोटी ४७१ वरच होते, आणि तिघांपैकी एकानेही भाग जात नाही.

खरी कसोटी इथून पुढे आहे. "शंभरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग गेला नाही की संख्या मूळ" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. दहा हजारांच्या आतल्या संख्यांनाच तो लागू पडतो. मीही एकदा ९७ पाशी थांबून १९६६६७ ही मूळ संख्या आहे असे मुलांना सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने चौकटीच्या वहीत केलेला भागाकार माझ्यापुढे ठेवला: १९३ × १०१९, बाकी शून्य.

कुठे थांबायचे हे वर्गमूळ ठरवते. १९६६६७ चे वर्गमूळ ४४३ पेक्षा किंचित जास्त आहे. दोन्ही अवयव त्याहून मोठे असते, तर ४४३ नंतरची मूळ संख्या ४४९ असल्याने त्यांचा गुणाकार निदान ४४९ × ४४९, म्हणजे २०१६०१ झाला असता, आणि तो आपल्या संख्येच्या पुढे जातो. वर्गमूळ मात्र उरलेल्या भागाकाराचे घ्यावे, सुरुवातीच्या आकड्याचे नव्हे. ५९०००१ साठी ७६८ पर्यंतच्या १३५ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. ३ ने भागल्यावर ४४३ पर्यंतच्या ८६ च उरतात.

मोबाइलवर भागाकार करणाऱ्यांना माझी कळकळीची सूचना आहे की दशांश चिन्हापुढची शून्ये पाहून भाग गेला असे मानू नये. १९६६६७ ला १०७ ने भागल्यास १८३८.००९३ दिसते, आणि घाईत वाचणारा फसतो. उलट गुणाकार केला की १०७ × १८३८ = १९६६६६ येते, बाकी १ उरते.

१९३ सापडल्यावर १०१९ ची वेगळी तपासणी करू नये. १९३ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्या आधीच नापास झाल्या आहेत आणि १०१९ हा १९३ च्या वर्गापेक्षा लहान आहे, त्यामुळे तो मूळच असणार.

म्हणून ५९०००१ = ३ × १९३ × १०१९. पुढचे सारे सोपे आहे. विभाजक आठ, त्यांची बेरीज ४ × १९४ × १०२० = ७९१५२०. त्यातून संख्या वजा केल्यास २०१५१९ उरतात, म्हणजे ही परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी) नाही. ५७९ × १०१९ या जोडीची सरासरी ७९९ आणि अर्धा फरक २२० येतो, म्हणून ही संख्या ७९९ आणि २२० यांच्या वर्गांतील फरक आहे: ६३८४०१ − ४८४०० = ५९०००१.