बारीक पॉकेट पेअर आणि सारखा रेझ मारणारा गडी: या चुका टाळा

तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्या लोकांचा घोळ इथंच होतो. दिवाळीत पेअर आली की माणूस सरसावून बसतो आणि तीच सवय होल्डेमला (हातात दोन पानं, टेबलावर पाच सामाईक, असा पोकर) घेऊन येतो. अहो, हातात पंजीची जोडी, म्हणजे बारीक पॉकेट पेअर, असेल तर फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत) तिच्याहून मोठं एकही पान न येण्याची शक्यता जेमतेम २ टक्के, म्हणजे राजा, गुलाम, नाहीतर निदान छक्की तरी समोर पडणारच, आणि आक्रमक गडी नेमका त्याच भीतीवर जगतो.

माझाच हात सांगतो. ऑनलाइन पैशांचा खेळ २०२५ च्या कायद्यानं बंद झाला म्हणून आम्ही मित्र गोव्याला, मांडवीतल्या बोटीवर. १००-२०० च्या ब्लाइंडचा (पानं वाटण्याआधीच भरायच्या सक्तीच्या रकमा) गेम, माझ्यापुढे २०,०००. एक भाऊ दर दुसऱ्या हाताला रेझ मारत (पैसे वाढवत) होता, त्यानं ८०० केले, मी बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायची जागा) पंज्या घेऊन कॉल. फ्लॉप राणी, अठ्ठी, तिर्री. त्यानं १,००० लावले, म्हटलं हा काय रोजचंच फेकतोय, कॉल. टर्नला (चौथं पान) राजा, त्याचे २,८००, परत कॉल (का ते विचारू नका). रिव्हरला (पाचवं पान) त्याचा ऑल-इन, म्हणजे पुढचे सगळे पैसे, आणि मी छताकडे बघत बघत फोल्ड, पानं टाकली. ४,६०० गेले. पहिला, फ्लॉपआधीचा कॉल बरोबर होता, चूक फ्लॉपनंतरची, कारण पुढच्या बेटला काय करायचं हे न ठरवताच मी कॉल करत सुटलो. तो ब्लफ मारत असला तरी त्याला सुधारायला पाच-सहा पानं असतात, तुम्ही मागे असाल तर तुम्हाला फक्त दोन. सुक्या फ्लॉपवर (जिथं रंग-सिक्वेन्स जुळायची शक्यता कमी) एक कॉल ठीक, टर्नला मोठं पान पडून पुन्हा बेट आली की सोडा.

दुसरी चूक हिशोबाची. फ्लॉपवर सेट (जोडीचं तिसरं पान) लागतो साधारण साडेआठ वेळांत एकदा, म्हणून कॉलच्या १५-२० पट पैसे दोघांपुढेही हवेत असं म्हणतात. पण तो आकडा फक्त एक्के-राजे खेळणाऱ्या सोज्वळ माणसासाठी. काहीही घेऊन रेझ मारणाऱ्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं, तुमचा सेट लागला तरी तो फोल्ड करून मोकळा, म्हणून त्याच्यापुढे २०-२५ पट धरा. थ्री-बेटला (तुमच्या रेझवर त्याचा पुन्हा रेझ) तर ‘हा काय कशावरही मारतो’ म्हणून कॉल करतात त्यांना हात जोडावेसे वाटतात. त्याच २०,००० च्या स्टॅकवर तुमच्या ६०० च्या रेझवर त्यानं २,००० केले तर आणखी १,४०० घालायचे आणि मागे असतात १४ पटीच्या आतच. फोल्ड. तुमच्या मागे अजून कुणी बोलायचा असेल तर साधा कॉलही जपून, तो मध्येच मोठा रेझ मारून दोघांनाही उठवतो.

आणि सेट लागला की घाईघाईनं रेझ मारून त्याला पळवू नका, बोर्ड सुका असेल तर मारू दे त्याला. नव्वी-अठ्ठी-पंजी, त्यात दोन बदाम, असलं काही असेल तर मात्र तिथंच वाढवा. तो टर्नला चेक करून थांबला तर तुम्ही बेट लावा, गप्प बसलात तर पॉट तेवढाच राहतो.

स्टॅक (पुढ्यातले पैसे) १२ मोठ्या ब्लाइंडचा उरला असेल तर हे सगळं विसरा. तुमच्याआधी कुणी आलं नसेल तर सरळ ऑल-इन, पण त्याच्या रेझवर नुसता कॉल करून फ्लॉप बघायचा नाही.