जिताड्याचे बीज: हाप्यातले पहिले पन्नास दिवस

परतीचा पाऊस सरला की खाजणातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले, पाणी पुन्हा खारट व्हायला लागते. जिताडा या माशाचे बीज, म्हणजे छोटी पिल्ले, आणून हाप्यात, म्हणजे तळ्यात बांबूंना बांधलेल्या जाळीच्या पिशवीत, वाढवायला कोकणात हा काळ चांगला, कारण थंडी पडेपर्यंत पिल्लांची भूक जोरात असते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे प्रजनन हॅचरीत, म्हणजे बीज तयार करण्याच्या केंद्रात, यशस्वी केले, त्यामुळे आता खाडीतल्या पिल्लांवर अवलंबून राहावे लागत नाही. हॅचरीचे बीज घेताना दोन गोष्टी विचारा: पिल्ले कोरड्या खाद्यावर आली आहेत का, आणि व्हीएनएन या मज्जासंस्थेच्या रोगाच्या विषाणूसाठी पीसीआर (प्रयोगशाळेतली जनुकीय) तपासणी झाली आहे का. या रोगात पिल्ले काळपट पडतात, गोल गोल फिरतात आणि मरतात. त्यावर औषध नाही, आणि प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत.

आपल्या तळ्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजून हॅचरीला आधीच कळवा, म्हणजे ते बीज पाठवण्यापूर्वी त्या क्षारतेकडे आणून ठेवतात. तरीही पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवा. दोन्ही पाण्यांच्या क्षारतेत ५ पीपीटीपेक्षा (हजार भागांत पाच भाग मीठ) जास्त फरक असेल तर बीज टबात घेऊन, हवा सोडणारा एरेटर लावून, तासा-दोन तासांत थोडे थोडे तळ्याचे पाणी मिसळा. बीज भर उन्हात सोडू नका.

हापा २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल पुरे. दीड-दोन सेंटिमीटरच्या पिल्लांना २ मिलिमीटर आसाची (भोकांची) जाळी लागते, पुढे ४ मिलिमीटर चालते. तळ चिखलापासून फूटभर वर राहील असे बांबू ठोका. अशा एका हाप्यात सुरुवातीला ५०० पिल्ले ठेवा, ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली की ३००. जाळीला शेवाळ आणि गाळ बसला की आत प्राणवायू कमी पडतो, म्हणून आठवड्याला हापा बदला आणि उतरवलेला उन्हात वाळवा. जाळी रोज हाताने चाचपा. खेकड्याने कातरलेले एक भोक रात्रीत हापा रिकामा करते.

आता मुख्य गोष्ट. हाप्यातली बरीचशी मर रोगाने होत नाही, पिल्ले एकमेकांना खातात. जिताडा आपल्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश लांबीचे भावंड गिळू शकतो, म्हणजे ६ सेंटिमीटरच्या पिल्लाशेजारी ४ सेंटिमीटरचे पिल्लू सुरक्षित नाही. मेलेली पिल्ले दिसत नाहीत, पण मोजताना संख्या भरत नाही, आणि दोन-चार पिल्लांची पोटे टम्म असतात. कधी एकाच्या तोंडातून दुसऱ्याचे शेपूट बाहेर लोंबते. अर्धवट गिळलेले अडकले की दोन्ही मरतात.

म्हणून प्रतवारी चुकवायची नाही. ५ सेंटिमीटरपर्यंत दर चार-पाच दिवसांनी, नंतर १० सेंटिमीटरपर्यंत आठवड्याला. सकाळी, पहिल्या खाण्याच्या आधी, पोट रिकामे असताना पिल्ले टबात घ्या. एरेटर चालू ठेवा, हात ओले ठेवा. लहान, मध्यम, मोठी असे तीन हापे करा. झपाट्याने वाढलेली थोडीच निघतात, पण नुकसान तीच करतात, म्हणून त्यांना वेगळा हापा हवाच. हाताळणीनंतर तासाभराने खाद्य द्या, त्याहून जास्त वेळ उपाशी ठेवू नका. भुकेली पिल्ले लगेच एकमेकांच्या मागे लागतात.

खाद्य ४५ ते ५० टक्के प्रथिनांचे, मासळीच्या भुकटीवर आणि माशांच्या तेलावर आधारलेले हवे. समुद्री माशांच्या पिल्लांना ओमेगा-३ मेदाम्ले खाण्यातूनच मिळावी लागतात. कार्प माशांचे स्वस्त खाद्य घातले तर पिल्ले खुरटतात, आणि खुरटलेली आधी खाल्ली जातात. दाणा सावकाश बुडणारा घ्या, कारण जिताडा तळाला पडलेले सहसा उचलत नाही. पाण्यात खाली जाताना टिपले तेवढेच त्याचे. दाणा तोंडाच्या फटीच्या निम्म्याहून मोठा नको.

मात्रा वजनावर काढा. अडीच सेंटिमीटरचे पिल्लू साधारण ०.२ ग्रॅम भरते. ५०० पिल्ले म्हणजे १०० ग्रॅम, त्याच्या १० टक्के म्हणजे दिवसाला १० ग्रॅम खाद्य. ५ सेंटिमीटरचे पिल्लू दीड ग्रॅमचे. ३०० पिल्लांचे ४५० ग्रॅम, ८ टक्क्यांनी ३६ ग्रॅम. दिवसातून पाच-सहा वेळा, ठरलेल्या जागी, चिमटीचिमटीने द्या. पिल्ले वर यायची थांबली की हात थांबवा. पहाटे आणि तिन्हीसांजेला भूक सर्वांत जास्त असते, त्या वेळा चुकवू नका.

खाडीतून धरलेली पिल्ले दाण्याला तोंड लावत नाहीत. त्यांना ताजा जवळा किंवा मांदेली धुऊन, बारीक वाटून द्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यात खाद्याची भुकटी पाव हिश्शाने वाढवत न्या. आठ-दहा दिवसांत ती दाण्यावर येतात. नुसत्या कच्च्या तारलीवर ठेवू नका. तारलीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. मग पिल्ले तोल जाऊन आडवी पोहतात, हाप्यावर हात आपटला तरी झटके देतात. अशा वेळी कच्ची मासळी बंद करून जीवनसत्त्व-मिश्रण पाकिटावरच्या मात्रेत द्या. खवट वास येणारे खाद्यही फेकून द्या, कितीही महाग असो.

पाण्याचे नियोजन भरतीवर बसवा. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत उघाडीतून (बांधातल्या फळ्यांच्या दारातून) पाणी बदला. भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी फारसे हलत नाही, तेव्हा खाद्य थोडे कमी करा आणि मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत एरेटर चालवा. अवकाळी सरीने वर गोड्या पाण्याचा थर साचला तर उघाडीच्या वरच्या फळ्या काढून तेवढाच बाहेर सोडा. पाणी २५ अंशांच्या खाली गेले की भूक मंदावते. तेव्हा खाद्य दुपारी, ऊन तापल्यावर द्या.

पिल्ले ८ ते १० सेंटिमीटरची झाली की मोठ्या तळ्यात सोडा, एकरी ३,००० च्या आसपास. एका तळ्यात एकाच प्रतीची, आणि सोडण्यापूर्वी शेवटची मोजणी करूनच, म्हणजे पुढचे खाद्य अंदाजावर द्यावे लागणार नाही.