क्षणभर चमकून गायब होणारी काळी विंडो: तिच्यामागचा प्रोग्राम कसा शोधायचा

काम चालू असताना स्क्रीनवर काळी विंडो उघडते आणि वाचायच्या आत बंद होते. टास्क मॅनेजर उघडेपर्यंत तिथे काहीच नसतं. तो आधीपासून उघडा ठेवला तरी त्याची यादी साधारण सेकंदाला एकदा ताजी होते, त्यामुळे अर्ध्या सेकंदात संपलेला प्रोग्राम त्यात दिसेलच असं नाही. तेव्हा डोळ्यांनी पकडायचा नाद सोडा आणि नोंदी तपासा. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. ॲडमिनिस्ट्रेटर खातं लागेल.

विंडो चमकली की लगेच वेळ टिपून ठेवा, जमल्यास सेकंदासकट. मग सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं 'प्रीफेच' हे फोल्डर उघडा. परवानगी विचारली तर द्या आणि फाइली 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे लावा. चाललेल्या प्रोग्रामच्या नावाची फाइल इथे बनते किंवा ताजी होते, पण ती लिहायला दहाएक सेकंद लागू शकतात, म्हणून टिपलेल्या वेळेच्या किंचित पुढचंही बघा. 'कॉनहोस्ट' दिसला तर त्याच्या मागे लागू नका. काळी विंडो उघडणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामसोबत तो येतोच. 'सीएमडी' किंवा 'पॉवरशेल' हे दुसऱ्यांच्या कमांड चालवणारे प्रोग्राम दिसले तरी शोध संपत नाही. ते नुसते हमाल आहेत, ओझं कोणी दिलं ते अजून कळायचंय.

ते बहुतेक वेळा टास्क शेड्युलरने, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं (टास्क) चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, दिलेलं असतं. विंडो ठरावीक अंतराने येत असेल, दर तासाला किंवा लॉगिननंतर लगेच, तर आधी तिथेच जा. उजव्या बाजूला 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' असं दिसलं तर इतिहासाची नोंद बंद आहे असं समजा आणि ती चालू करा. 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन टास्क्स'वरही खूण करा. पुढच्या वेळी विंडो चमकली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टास्कशेड्युलर असं खाली जात 'ऑपरेशनल' लॉग उघडा. इव्हेंट आयडी २०० म्हणजे टास्कचं काम सुरू झालं, २०१ म्हणजे संपलं. टिपलेल्या वेळेचा २०० सापडला की टास्कचं नाव हातात येतं.

इथे एक गोष्ट हमखास फसवते. टास्कच्या सेटिंगमधल्या 'हिडन' या खुणेने टास्क यादीतून लपतो, त्याची विंडो लपत नाही. टास्क तुमच्या खात्यावर, 'लॉगिन असतानाच चालव' या अटीने चालतो, तेव्हा त्याची काळी विंडो तुमच्या स्क्रीनवर येते. तोच टास्क सिस्टिम खात्यावर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर, चालला तर काही दिसत नाही. २०१७ मध्ये ऑफिसचा एक बॅकग्राउंड टास्क अनेकांच्या स्क्रीनवर दर तासाला अशीच विंडो दाखवत होता आणि लोकांनी तो सिस्टिम खात्यावर हलवून ती घालवली. विंडो दिसते म्हणजे व्हायरस आहे असं नाही, आणि दिसत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही.

टास्कमध्ये काही सापडलं नाही, तर चालणाऱ्या प्रोग्रामांची नोंद ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं मोफत 'प्रोसेस मॉनिटर' उतरवून घ्या. ते मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स पानावरूनच घ्या, डाउनलोडच्या भलत्या साइटवरून नको. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. फिल्टरमध्ये 'ऑपरेशन', 'इज', 'प्रोसेस स्टार्ट', 'इन्क्लूड' असा नियम घाला. मग 'फिल्टर' मेनूतलं 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' चालू करा. ही पायरी चुकवू नका. नाहीतर स्क्रीनवर चार ओळी दिसतात, पण मागे लाखो नोंदी मेमरीत साठत राहतात आणि तासाभरात कॉम्प्युटर रखडायला लागतो. आता खुशाल चालू ठेवा.

विंडो चमकली की कंट्रोल-ई दाबून नोंद थांबवा आणि कंट्रोल-टी दाबून प्रोसेस ट्री उघडा. बंद झालेले प्रोग्रामही त्यात असतात. टिपलेल्या वेळेच्या प्रोग्रामवर क्लिक केलं की खाली फाइलचा पत्ता, पूर्ण कमांड आणि वेळा दिसतात. खरी माहिती मात्र एक पायरी वर, त्याच्या पेरेंटमध्ये, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, असते. पेरेंट 'एसव्हीसीहोस्ट' असून त्याच्या कमांडमध्ये 'शेड्यूल' असेल, तर प्रकरण परत टास्क शेड्युलरकडे जातं. 'सर्व्हिसेस' असेल तर ती एखादी विंडोज सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, आहे. 'एक्सप्लोरर' असेल तर बहुधा स्टार्टअपमधली नोंद किंवा तुमचाच क्लिक.

मग फाइलचा पत्ता बघा. 'प्रोग्राम फाइल्स'मधला ब्राउझर, प्रिंटर किंवा ग्राफिक्स कार्डचा अपडेटर असेल तर बहुधा काळजी नको. 'टेम्प' किंवा 'ॲपडेटा'मधून चालणारी, अगम्य नावाची फाइल असेल तर सावध व्हा, जरी काही चांगले प्रोग्रामही 'ॲपडेटा'त बसतात. पॉवरशेलच्या कमांडमध्ये 'एन्कोडेडकमांड' आणि पुढे अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर संशय रास्त आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते. सिसइंटर्नल्सच्याच 'ऑटोरन्स' या आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या साधनात 'व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स' चालू केलं की तीही तपासली जाते.

नको असलेला टास्क आधी डिलीट करू नका, 'डिसेबल' करा. काही बिघडलं तर परत चालू करता येतो. फाइल संशयास्पद असेल तर इंटरनेट तोडा आणि डिफेंडरचं (विंडोजचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन त्यात साधारण १५ मिनिटं जातात. खरंच काही सापडलं तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

डिसेबल केलेला टास्क काही दिवसांनी पुन्हा चालू झालेला दिसला, तर त्याच 'ऑपरेशनल' लॉगमध्ये इव्हेंट आयडी १०६ आणि १४० शोधा. पहिला टास्क नव्याने नोंदवल्याचा, दुसरा बदलल्याचा. त्यात कोणत्या खात्याने हे केलं ते लिहिलेलं असतं. त्याच वेळेला कोणता अपडेटर चालला हे प्रोसेस मॉनिटरमध्ये बघा आणि टास्कऐवजी त्या अपडेटरची सेटिंग बदला.